आतल्या बाजूची खुर्ची

१

नागपुरात ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोकांना गणपतीचा मांडव आठवतो, चकचकीत कोटातला निवेदक आठवतो आणि जुन्या सिनेमाची गाणी आठवतात. सत्यवतीनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावणं केव्हाच सोडलं होतं. सदरमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी तीसेक माणसं व्हायोलिनं, चेलो, क्लॅरिनेट घेऊन जमतात आणि कुठल्याकुठल्या देशांतल्या संगीतकारांचं वाजवतात, हे गावात शंभर लोकांना ठाऊक असलं तरी डोक्यावरून पाणी. कोणी बँकेतून निवृत्त झालेला, कोणी पोलिस बँडात उमर घालवलेला, कोणी चर्चमध्ये वाजवणारा. सत्यवती स्वतः शाळेत गाणं शिकवायची. पगार कोणालाच नाही, मधल्या सुट्टीत तर्री-पोहे मात्र हमखास.

यंदाचा कार्यक्रम कालमान वेरेश यांच्या सन्मानार्थ होता. हा हंगेरीचा माणूस, गेल्या शतकातला. मॉडर्न, म्हणजे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की वाजवणारेच चुकून राहिले. तरुणपणी आवाज धरून ठेवणारं यंत्र खांद्यावर टाकून तो खेडोपाडी हिंडला, सूत कातणाऱ्या आणि पाळणा हलवणाऱ्या बायकांची गाणी गोळा केली, आणि जन्मभर त्यांतूनच आपलं संगीत काढत राहिला. वादक त्याला लाडानं वेरेशबुवा म्हणत. पूर्वार्धात बुवांना ज्यांनी घडवलं ते वाजवायचं होतं, म्हणजे ती खेड्यातली गाणी आणि एका जुन्या जर्मन उस्तादाची रचना. उत्तरार्धात बुवांची शेवटची रचना, आणि ती अपुरी. लिहिता लिहिताच बुवा गेले. पुढे एका शिष्यानं ती पुरी केली म्हणतात, पण कंडक्टर अनंत सरांना शिष्याचं नको होतं. बुवांची पेन्सिल जिथं थांबली तिथं आपण थांबायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

हाच कार्यक्रम मागच्या वर्षी व्हायचा होता. झाला नाही, कारण रंगीत तालमीत बाबनराव गेले.

बाबनराव म्हणजे सत्यवतीचा नवरा. दोघं दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत एकाच स्टँडपुढे बसत. व्हायोलिनवाल्यांची रीतच आहे, दोघांत एक स्टँड, त्यावर स्वरलिपीचा एकच कागद. प्रेक्षकांच्या बाजूला बसणारा वाजवत राहतो, आणि पान संपत आलं की आतल्या बाजूचा आपला गज थांबवून दोघांसाठी पान उलटतो. आतली खुर्ची बाबनरावांची. गेली कित्येक वर्षं सत्यवतीनं स्वतःच्या हातानं एक पान उलटलेलं नव्हतं. त्यांची एकच खोड होती, उलटण्याआधी बोट जिभेला लावायचे. सत्यवती चिडायची, भाड्याचा कागद आहे, लोक काय म्हणतील. ते म्हणत, विणकराचं पोर आहे बाई, आमच्याकडे तुटलेला धागासुद्धा थुंकी लावूनच जोडतात.

मागच्या वर्षी त्या तालमीत शेवटून दुसरं पान संपत आलं, त्यांनी बोट ओलं केलं, कोपरा धरला, आणि पान काही उलटेना. सत्यवतीनं वाजवता वाजवता त्यांना कोपरानं ढोसलं. दोनदा. मग तिनं मान वळवली. त्यांच्या चिमटीतून तो कोपरा सोडवायला नंतर दोघांना बोटं उकलावी लागली होती.

२

ऑर्केस्ट्रात खुर्ची रिकामी राहत नसते. कोणी गेलं की मागचा पुढे सरकतो, त्याच्या मागचा त्याच्या जागी येतो, आणि रांग भरून निघते. ही जुनी शिस्त. पण दसरा झाल्यावर पहिली तालीम झाली तेव्हा अनंत सरांनी ती मोडली. बाबनरावांची खुर्ची तशीच ठेवायची, तिच्यावर त्यांचं व्हायोलिन ठेवायचं, बाजूला एक झेंडूचं फूल. सगळ्यांचे डोळे भरून आले. कोणीच नाही म्हटलं नाही, आणि सत्यवती तर कशी म्हणणार? चांगल्या मनानं केलेली ती चूक होती, आणि तिच्यात सगळेच सामील होते.

कागद मागच्या वर्षीचाच होता. ते पान आलं तेव्हा कोपऱ्यावरची चुरगळ अजून तशीच होती. तिनं आधीच ठरवलं होतं, इथं गज थांबवायचा, दोन सुरांवर पाणी सोडायचं आणि आपणच उलटायचं. ती गज उचलणार एवढ्यात पान उलटलं.

नीट, वेळेवर, अगदी पाहिजे तेव्हा. तिनं वाजवत राहून त्या दिवसापुरता घेतलेला भाग पुरा केला. ऑक्टोबरचा उकाडा होता, डोक्यावर शाळेचा पंखा खडखडत होता, म्हणून तिनं मनाशी म्हटलं, पंख्याचा वारा. दुसरं काय असणार?

पोह्यांची वेळ झाली, सगळे उठले. कागद पिशवीत ठेवण्याआधी तिनं तो कोपरा सहज चिमटीत धरला. तो ओला होता.

३

आता कोणी म्हणेल, बाईनं घाबरून तिथंच सोडायला हवं होतं. ती घाबरली नाही. तिला आनंद झाला, हे खरं तेच सांगायला पाहिजे. वर्षभर ती रिकाम्या घरात एक वाटी तांदूळ शिजवत होती. त्या दिवशी घरी येताना तिनं सीताबर्डीवर संत्रा बर्फी घेतली आणि दोन बश्यांत काढली. मग स्वतःवरच हसली आणि दोन्ही बश्यांतली तीच खाल्ली.

पुढच्या रविवारीही तेच झालं. त्याच्या पुढच्या रविवारी फक्त चुरगळलेलं पानच नाही, सगळीच पानं उलटली. तिनं कोणाला सांगितलं नाही. मागच्या स्टँडवर मिनल बसायची, दवाखान्यात फिजिओथेरपी करणारी, डोळ्यांत तेल घालून बघणारी पोरगी. तिनं एकदा विचारलं की काकू, तुम्ही एवढ्या पटकन पान कसं उलटता, मला दिसतच नाही. सत्यवती म्हणाली, सवय आहे.

मग एका सकाळी चहा गाळताना तिचं लक्ष स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे गेलं. ऑक्टोबर अजून आठवडाभर बाकी होता आणि भिंतीवर नोव्हेंबर लटकत होता. खिडकी बंद होती. गॅस चालू असल्यामुळे पंखाही नव्हता. महिना पालटायचं काम बाबनरावांचंच असायचं, एक तारखेला आंघोळ झाली की पहिलं काम ते. पण ते कधी घाई करायचे नाहीत. एक तारीख म्हणजे एक तारीख.

तिनं कॅलेंडर काढलं, ऑक्टोबर पुन्हा वर आणला आणि खिळ्याला टांगलं. कोपरा बोटाला ओला लागला, आणि तिनं पहिल्यांदाच ते बोट घाईनं पदराला पुसलं.

४

अनंत सरांच्या डोक्यात एक कल्पना होती. वेरेशबुवांनी जशी गाणी त्यांच्या देशात गोळा केली, तशी आपल्याकडेही आहेतच की. मग पूर्वार्धाची सुरुवात आपल्याच मातीतल्या एका गाण्यानं का करू नये? आणि त्यासाठी दूर जायची गरज नव्हती. बाबनरावांची आई, रुख्माबाई, उमरेडला धाकट्या मुलाकडे असायच्या. त्यांचं अर्धं आयुष्य मागाशेजारी कांड्या भरण्यात गेलं होतं, आणि चरख्यावर धाग्याची कांडी भरताना, ती कांडी घेऊन मागावर धोटा इकडून तिकडे धावताना म्हणायची गाणी त्यांना पोटभर येत होती. माग जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण गाणी राहिली होती.

नोव्हेंबर लागल्यावर त्या एसटीनं आल्या, पायातल्या चपला हातात घेऊन शाळेच्या हॉलमध्ये शिरल्या आणि एवढी व्हायोलिनं एका जागी बघून म्हणाल्या, इतक्यांचा संसार ह्याच्यावर चालते काय. सगळे हसले. मग त्या मधोमध खुर्चीवर बसल्या, डोळे मिटले आणि एकट्या, बिनवाद्याच्या, गायल्या.

“धोटा गेला, धोटा येईल, माह्या राजाचा शेला होईल...”

आवाज चिरका होता, सूर मात्र पक्का. अनंत सर एका बाजूला उभे राहून डोळे पुसत होते. गाणं संपल्यावर रुख्माबाई सुनेजवळ येऊन बसायला म्हणून वळल्या आणि शेजारची खुर्ची बघून थबकल्या. व्हायोलिन होतं, ताजं फूल होतं. खुर्ची मुलासाठी ठेवलेली बघून त्यांना बरं वाटेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांचा चेहरा उतरला.

“हे रिकामी काहून ठेवली वं?”

सत्यवतीनं सांगितलं, आठवण म्हणून. रुख्माबाई त्या खुर्चीत बसल्या नाहीत आणि तिच्याजवळून गेल्यासुद्धा नाहीत. लांबून वळसा घालून भिंतीशी जाऊन टेकल्या.

५

थंडी पडली आणि पंखे बंद झाले. पानं उलटत राहिली. सत्यवतीची सगळी कारणं एकेक करून संपत चालली होती. खिडकीची फट म्हणावी, तर खिडक्या लावलेल्या. स्टँड वाकडा म्हणावा, तर तो तिनं दुसरा घेतला. कागदाला बाक आला असेल म्हणावं, तर रात्री त्यावर जाड शब्दकोश ठेवून तिनं तो सपाट केला. शिकलेली बाई होती, हिशेबानं चालणारी. पण ओल्या कोपऱ्याला काय कारण द्यायचं?

आणि आता ते वेळेवर होत नव्हतं. पान आधीच उलटत होतं. आधी दोन सूर अगोदर, मग ओळभर, मग दोन ओळी. तिला पाठ होतं म्हणून निभावलं. पण वाजवताना कोणी हाताला धरून पुढे पुढे चालवावं तसं वाटायचं, आणि मागे वळून बघायला सवड मिळायची नाही. बाबनराव असे कधीच नव्हते. रस्ता ओलांडतानासुद्धा ते थांबून राहायचे.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात रचना यंदा पहिल्यांदाच सलग वाजवली. शेवटचं पान अर्धंच भरलेलं होतं. मधेच सूर तुटत होते, खाली नुसत्या कोऱ्या ओळी. तिथं सगळ्यांनी एकदम गज उचलायचे आणि स्तब्ध बसायचं, अशी सरांची ताकीद होती. सगळ्यांनी उचलले.

शेवटचं पानही उलटलं.

त्याच्या मागे काही नव्हतं. पांढरा कागद. तिला एवढंच आठवतं की पुढे वाजवायचं होतं, पुष्कळ होतं, आणि ते फार सुंदर होतं. ते काय होतं ते तिला कधीच सांगता आलं नाही. मग कोणीतरी तिचे खांदे हलवत होतं. मिनल होती ती. हॉलमध्ये सगळे उभे होते. मिनलनं नंतर सांगितलं की सगळे थांबल्यावरही काकूंचा गज चालूच होता, तारांना न टेकता, आवाज न करता, बराच वेळ. आणि काकू श्वास घेत नव्हत्या. ओठ जांभळे पडले होते.

अनंत सरांनी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, थकवा आहे, जेवत जा.

६

रुख्माबाई कार्यक्रम होईपर्यंत नागपुरातच राहिल्या होत्या. त्या दिवशी दुपारी त्यांनी सुनेला पिठलं-भाकर करून घातली आणि ती खात असताना समोर बसून बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या की स्टँडपाशी मले दिसत नाही काही, माहे डोये अधू झाले, पण तुह्याकडे पाहून समजते. तो येऊन राहिला नं?

सत्यवतीचा घास हातातच राहिला. वर्षभरात ती कोणासमोर रडली नव्हती. सासूसमोर रडली. पानांचं सांगितलं, ओल्या कोपऱ्याचं सांगितलं, कॅलेंडरचं सांगितलं. आणि ते दोनदा कोपरानं ढोसल्याचंही सांगितलं. रुख्माबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, आणि तीही सांगायची म्हणून अर्धवटच. “माहा सासरा गेला तवा मागावर अर्धं लुगडं होतं. घरात रडारड चालू, अन् माह्या सासूनं मले त्याच्या जागी मागावर बसवलं. त्याच्या नावाचा एक धोटा टाक म्हणे, मंग उठ. मी टाकला अन् उठली. काहून, ते तिनं सांगितलं नाही अन् मी इचारलं नाही. पन त्याची जागा तशीच ठेवून आमी निजलो नाही, येवढं खरं.”

सत्यवती म्हणाली, आई, इथं माग कुठं आहे. रुख्माबाई म्हणाल्या, मले का समजते, पन त्याचं पान उलटायचं राहिलं हाय नं.

तिला सगळं कळत होतं. त्या खुर्चीत कोणी बसलं, तर बाबनराव पुन्हा एकदा जातील, या वेळी कायमचे. नाही बसलं, तर त्यांच्या मागोमाग आपण जाऊ. यातलं जास्त नकोसं कोणतं, ते मात्र तिला ठरवता येईना. खरं तर ते सुंदर काहीतरी पुन्हा वाजवावं, असं तिला आतून फार वाटत होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटायला लागली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात आली तेव्हा कॅलेंडर खिळ्यावर होतं, पण उलटं. तोंड भिंतीकडे. नोव्हेंबर नाही, डिसेंबर नाही, नुसती कोरी पाठ तिच्याकडे करून ते लटकत होतं.

रुख्माबाई तिच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी ते बघितलं.

“आज मी बसतो त्याच्या जागी,” त्या म्हणाल्या. “मले वाचता येत नाही. तू मान हालव, मी उलटवतो.”

७

सिव्हिल लाइन्समधलं सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. निम्मे लोक वादकांचे नातेवाईक, काही उत्सुकतेनं आलेले, काही चुकून. पूर्वार्ध छान झाला. रुख्माबाईंच्या गाण्याला तर लोकांनी एवढ्या टाळ्या दिल्या की त्या गोंधळून उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना हात जोडू लागल्या.

मध्यंतरात सत्यवतीनं स्वतःच्या हातानं खुर्चीवरचं व्हायोलिन उचलून पेटीत ठेवलं. अनंत सर काही विचारणार होते, पण तिचा चेहरा बघून त्यांनी बाजूचं झेंडूचं फूल उचललं. हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत रिकाम्या हातांनी येऊन बसली, तेव्हा प्रेक्षकांत थोडी खुसुरफुसुर झाली. मग दिवे मंद झाले आणि सरांनी हात उचलला.

पहिली पानं सुरळीत गेली. सत्यवतीनं मान हलवली की रुख्माबाई बोट जिभेला लावत आणि पान उलटत. तेव्हा सत्यवतीच्या लक्षात आलं की ही खोड कोणाची होती आणि कोणाकडून आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं आणि कागद धूसर दिसायला लागला. पाठ होतं म्हणून वाजवत राहिली.

मग चुरगळलेलं पान आलं. ओळी खाली खाली सरकत गेल्या. अजून बराच अवकाश होता, आणि कोपरा उचलला गेला. वर उठून तो थरथरत थांबला. उलटला नाही. वाट बघत होता. रुख्माबाईंचे हात मांडीवर होते, नजर सुनेच्या चेहऱ्यावर.

सत्यवतीनं मान हलवायची होती. तिनं हलवली नाही. शेवटची ओळ आली, अर्धी सरली, कोपरा तसाच थरथरत होता, आणि तिला वाटलं, उलटू दे. त्यांनाच उलटू दे. एवढं एकदाच. तिचं मन आतून आक्रोश करत होतं आणि हात मात्र सुरात वाजवत होते.

शेवटचे दोन सूर उरले तेव्हा तिनं मान हलवली.

रुख्माबाईंनी बोट ओलं केलं आणि थरथरणारा कोपरा धरला. क्षणभर, स्टँडवरच्या छोट्या दिव्याच्या उजेडात, त्या सुरकुतलेल्या बोटांखाली आणखी बोटं होती. करंगळीवर पांढरी पट्टी. हिवाळ्यात बाबनरावांची कातडी फाटायची, ते करंगळीला पट्टी लावूनच वाजवायला बसत. सत्यवतीनं ते बघितलं, पापणी लवली, आणि पान उलटलं होतं.

आता शेवटचं पान. तेही संपलं. सर्वांनी गज उचलले, सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता झाली, आणि तिच्या डोळ्यांसमोर त्या शेवटच्या पानाचा कोपरा वर यायला लागला. हळूहळू, हट्टानं. पलीकडे पांढरं होतं. तिचा उजवा हात आपोआप खाली, तारांकडे यायला लागला. श्वास कुठंतरी अडकला. ते सुंदर काहीतरी आता सुरूच होणार होतं.

रुख्माबाईंनी आपला पसरलेला तळहात त्या पानावर ठेवला.

पान हाताखाली उचलत होतं. सत्यवतीला ते स्पष्ट दिसत होतं. म्हातारीचा हात वर जात होता, पुन्हा खाली येत होता. तिनं जोर लावला नाही. निजत नसलेल्या लेकराला थोपटावं तसा तिनं तो हात पानावर हळूहळू थोपटला. आणि ओठांतल्या ओठांत, फक्त सत्यवतीला ऐकू जाईल एवढंच, म्हणाली,

“बस झालं, बाबन्या. झालं गा माह्या राजा. इतलंच होतं.”

कागद निवला. सत्यवतीचा हात मांडीवर पडला आणि छातीत श्वास शिरला तो एवढ्या मोठ्यानं की पुढच्या स्टँडवरच्या बाईनं वळून पाहिलं. मग टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.

घरी जाताना रिक्षात रुख्माबाई उजव्या हाताची मूठ मिटून बसल्या होत्या. सत्यवतीनं विचारलं, लागलं का. त्यांनी मूठ उघडून दाखवली. तळहात मधोमध ओला होता. त्यांनी तो पुसला नाही. मूठ पुन्हा मिटली आणि घर येईपर्यंत तशीच पदराखाली धरून ठेवली.

८

त्यानंतर रांग भरली. मिनल पुढे सरकून आतल्या खुर्चीवर आली, आणि नवं काहीतरी वाजवायला घेतलं. मिनल पानं कोरड्या बोटानं उलटते, आणि कधी कधी उशिरा. सत्यवती तिला कधी ढोसत नाही.

रुख्माबाई उमरेडला परत गेल्या. जाताना त्यांनी स्वतः खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं, सरळ केलं, नोव्हेंबर वर आणून टांगलं आणि म्हणाल्या, आता राहू दे असंच.

ते तसंच राहिलं. नोव्हेंबर संपला. एक तारीख आली, सत्यवती सकाळी चहाचं आधण ठेवून भिंतीकडे बघत उभी राहिली. भिंतीवर नोव्हेंबरच होता. दुसऱ्या दिवशीही नोव्हेंबरच. तिसऱ्या दिवशी दूधवाल्याचे खाडे मांडायला तिनं कॅलेंडरकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. घर इतकं शांत होतं की गॅसची सुरसुर ऐकू येत होती. तिनं खिडकी उघडी ठेवून बघितली. पंखा लावून बघितला. पान हललं, फडफडलं, आणि जागच्या जागी परत बसलं.

आता कोणी येणार नाही, हे तेव्हा तिला कळलं. ती तिथंच ओट्याला धरून खाली बसली आणि चहा उतू जाईपर्यंत रडली.

मग उठली. गॅस बंद केला, ओटा पुसला, हात धुतले. कॅलेंडरपुढे उभी राहिली, बोट जिभेला लावलं, आणि पान उलटलं.